मदत हवी आहे: डिस्को ते हाऊस, मध्ये काय वाजवू?

मंडळी, घरी मित्रांसाठी गाणी ऐकायची बैठक ठेवतोय. विषय: आजचं डान्स म्युझिक आलं कुठून?

सुरुवात पक्की आहे, डोना समरचं १९७७ चं 'आय फील लव्ह'. त्याचा निर्माता मोरोडर, त्याने जवळजवळ सगळं मूग नावाच्या सिंथेसायझरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यावर, उभं केलं. पण त्यातून दणदणीत ठोका निघेना, म्हणून बास ड्रम तेवढा कीथ फोर्सीने खराखुरा वाजवला! हेडफोन लावून ऐका, बेसचे सूर या कानातून त्या कानात उड्या मारतात. शेवटही ठरलाय: शिकागोच्या क्लबांतून आलेल्या हाऊस संगीतातलं १९८७ चं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'. बेस गिटारला पर्याय म्हणून काढलेल्या आणि बाजारात सपशेल आपटलेल्या टीबी-३०३ या छोट्या सिंथेसायझरचं नशीब तिथे फळफळलं.

मध्ये क्राफ्टवर्क हा जर्मन इलेक्ट्रॉनिक बँड हवाच. पण डेट्रॉइटपाशी, म्हणजे टेक्नो संगीताच्या जन्मगावापाशी, गाडी अडलीय. तिथल्या हुआन अ‍ॅटकिन्सचं त्याच्या आधीच्या सायबोट्रॉन बँडच्या वेळचं काही घेऊ, की थेट त्याचं १९८५ चं 'नो यूएफओज'? ऐकणाऱ्यांपैकी निम्मे नाट्यसंगीतवाले आहेत, हे लक्षात असू द्या.

आणि आपल्या मुंबईच्या चरणजित सिंग यांचा १९८२ चा रागांचा डिस्को अल्बम? ३०३ तोच, पण तेव्हा तो फारसा कुणी ऐकलाच नाही. मग त्याला 'प्रभाव' म्हणायचं का? मला तरी पटत नाही. तुम्ही काय कराल?