इंग्रजी वाक्प्रचारांचा जुना अर्थ धरून बसायचं का सोडून द्यायचा?

शंकेखोर
इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ बदलतात हे मान्यच आहे. पण काही वेळा अर्थ नुसता बदलत नाही, पार उलटा होतो आणि त्यातला टोमणाच मरतो, आणि तरी आपण "भाषा प्रवाही असते हो" म्हणून मान डोलवायची हे मला काही पटत नाही.

बूटस्ट्रॅप्सचंच घ्या. बूट पायात ओढून घ्यायला मागे पट्टी असते ना, ती धरून स्वतःला वर खेचायचं. आज कुठलंही मोटिव्हेशनल भाषण लावा, गरिबीतून स्वतःच्या जिवावर वर आलेल्या माणसाला हेच लावतात. मुळात ही चेष्टा होती. १८३४ साली अमेरिकेत निम्रॉड मर्फ्री नावाच्या गृहस्थांनी म्हणे अखंड चालणारं यंत्र शोधलं, तर एका पेपरने खिल्ली उडवली की आता हे बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला कंबरलँड नदीपलीकडे नेऊन ठेवतील. पुढे १८८८ च्या एका फिजिक्सच्या पाठ्यपुस्तकात तर प्रश्नच आहे, माणूस बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला का उचलू शकत नाही? म्हणजे जे होऊच शकत नाही त्याचं उदाहरण होतं ते, आणि आज तेच गरिबाला सल्ला म्हणून देतात, वर तोंड करून!

तुरळक सरी
असहमत. बोलणाऱ्याला कळतंय, ऐकणाऱ्याला कळतंय, फक्त तुम्हालाच १८३४ आठवतंय, मग अडलंय कुणाचं? आणि तुम्ही हा धागा ज्या मशीनवर टाकलात ते 'बूट' होतं ते ह्याच पट्ट्यांमुळे. प्रोग्राम लोड करायला आधी प्रोग्राम लागतो, म्हणून एक छोटासा प्रोग्राम आधी घुसवायचा आणि त्याने मोठ्याला ओढून आणायचं, त्याला बूटस्ट्रॅप म्हणायला लागले. अर्थ पुढे सरकला म्हणून तर हे नाव मिळालं.

शंकेखोर
अहो, उलट आहे ते. स्वतःच स्वतःला उचलणं अशक्य, हे डोक्यात पक्कं होतं म्हणूनच इंजिनिअर लोकांना ते नाव सुचलं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने पडलं की.

खवचट म्हातारा
शंकेखोर यांना अनुमोदन. 'क्युरेट्स एग' आठवतंय का कुणाला? १८९५ च्या नोव्हेंबरात पंच ह्या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकात जॉर्ज द्यू मोरिएचं व्यंगचित्र आलं होतं. बिशपच्या घरी नाश्ता चाललाय, बिशप म्हणतात, मिस्टर जोन्स, तुमच्या वाट्याला नासकं अंडं आलेलं दिसतंय. आणि बिचारा क्युरेट, म्हणजे धाकटा पाद्री, म्हणतो, छे छे, माय लॉर्ड, ह्याचे काही भाग तर उत्कृष्ट आहेत! अहो, अंडं काय भागाभागाने नासतं का? साहेबापुढे दात काढून नासकं गिळणाऱ्या माणसाची ती थट्टा होती. आता समीक्षक लोक 'काही बरं काही वाईट' एवढ्याच अर्थाने वापरतात. लाचारी गेली, नुसतं अंडं उरलं.

तुरळक सरी
अंड्याचा किस्सा मस्तच आहे, पण मग सगळंच जुनं काढा ना. केक खायचाही आणि जवळही ठेवायचा हे जमत नाही, ही केकची म्हण १५४६ च्या हेवूडच्या म्हणींच्या संग्रहात आधी खाणं आणि मग जवळ असणं अशी आहे, आज सगळे उलट क्रमाने म्हणतात. 'हेड ओव्हर हील्स', म्हणजे प्रेमात पार कोलांटी खाणं, मुळात 'हील्स ओव्हर हेड' (टाचा डोक्यावर) होतं, आणि ते बरोबरही होतं, कारण डोकं पायांच्या वर तर आपलं रोजच असतं. म्हणता का तुम्ही हील्स ओव्हर हेड? अमेरिकेत केकची म्हण जुन्या क्रमाने लिहिणारा एक माणूस फार गाजला, टेड कझिन्स्की, बॉम्ब पाठवणारा. १९९५ मध्ये त्याचा जाहीरनामा छापून आला, त्यात तो जुना क्रम, आणि त्याच्या एका जुन्या पत्रातही तोच, तपास करणाऱ्यांना ओळख पटवायला त्याचाही उपयोग झाला. जुन्याला चिकटून राहिल्याचे फायदे ते असे!

शंकेखोर
हाहा. पण केकचा क्रम बदलून काय गेलं? काहीच नाही. माझी तक्रार जुन्या-नव्याची नाहीच, आतला विचार गेला तर आहे. 'बेग द क्वेश्चन' बघा, जे सिद्ध करायचंय तेच आधी गृहीत धरून बसणं, ह्या लबाडीला ते नाव होतं. आता प्रत्येक अँकर 'ह्यातून प्रश्न उभा राहतो' म्हणून वापरतो, लबाडी तशीच चालू आहे, नाव तेवढं गेलं.

तुरळक सरी
'सर्क्युलर', म्हणजे गोल गोल फिरणारा युक्तिवाद, म्हणा की! आणि तो 'बेग' तरी कुठे धड होता, ॲरिस्टॉटलचं ग्रीक, त्याचं लॅटिन, त्याचं सोळाव्या शतकात केलेलं ओढूनताणून इंग्रजी. लोकांना ते कधी समजलंच नाही म्हणून त्यांनी समजेल असं करून घेतलं.

नवा गडी
मला एक माहितीय, 'बाइट द बुलेट', म्हणजे दात-ओठ खाऊन सोसणं, हे आपल्याकडून गेलंय. १८५७ ची एनफिल्डची काडतुसं दाताने तोडायला लावायचे ना, त्यावरून. आणि रक्त पाण्यापेक्षा घट्ट ह्या म्हणीचा मूळ अर्थ म्हणे उलटाच आहे, कराराचं रक्त गर्भाच्या पाण्यापेक्षा घट्ट, म्हणजे मित्र नातेवाइकांपेक्षा जवळचे.

खवचट म्हातारा
नव्या गड्या, हे व्हॉट्सॅपवरून आलंय बघ. काडतुसाचा कागद फाडायचे दाताने, गोळी नाही चावायचे. आणि ग्रोसच्या बोलीकोशाच्या १७९६ च्या आवृत्तीत आहे की काही पलटणींतले शिपाई चाबकाचे फटके खाताना तोंडातून हूं की चूं निघू नये म्हणून गोळी चघळायचे. म्हणजे सत्तावनच्या साठेक वर्षं आधी. आजच्या अर्थाने तो प्रयोग किपलिंगच्या १८९१ च्या कादंबरीत आहे, त्याचा जन्म मुंबईचा, तेवढा अभिमान हवा तर बाळग. ते कराराचं रक्त तर जुन्या लिखाणात कुठेच नाही, अलीकडे कुणीतरी शेपूट लावलंय.

तुरळक सरी
बघा, 'मूळ अर्थ मूळ अर्थ' करत बसलं की हेच होतं, खरा सापडला नाही तर लोक बनवतात.

कोर्टाची पायरी
मी वकिली करते म्हणून बोलते, एका बाबतीत शंकेखोर बरोबर आहेत. 'एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल', म्हणजे अपवादाने नियम सिद्ध होतो. नियमाविरुद्ध उदाहरण दिलं की समोरचा हे तोंडावर फेकतो आणि जिंकल्यासारखा हसतो. मूळ तत्त्व कायद्याचं आहे. इ.स.पू. ५६ मध्ये रोमन वकील सिसेरो बाल्बसची बाजू मांडत होता, बाल्बसला मिळालेलं रोमन नागरिकत्व वैध की नाही असा खटला होता. सिसेरो म्हणाला, काही जमातींशी केलेल्या तहांत 'ह्यांच्यापैकी कुणाला नागरिक करू नये' असा अपवाद लिहिलाय, म्हणजे जिथे तो लिहिलेला नाही तिथे परवानगी आहे. 'रविवारी पार्किंग मोफत' अशी पाटी असली तर सोमवारी पैसे पडणार हे कळतं ना, तसं. काही लोक सांगतात की प्रूव्ह म्हणजे 'कसोटी लावणे', तेही इथे लागू नाही.

तुरळक सरी
वकीलबाई, हे पटलं. पण म्हणून 'मूट' पण जुन्याच अर्थाने वापरता का कोर्टात?

कोर्टाची पायरी
लॉ कॉलेजात मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा लुटुपुटीचा खटला, असतो तेवढंच. एरवी नाही. ब्रिटिश अर्थ 'वाद घालण्याजोगा', अमेरिकन अर्थ 'आता चर्चा करून उपयोग नाही असा', आणि आपल्याकडे निकालपत्रं दोन्हीकडची वाचतात. माझ्या अशिलाचा मुद्दा मूट आहे असं मी लिहिलं तर समोरचा म्हणणार, बघा, ह्यांनीच सोडून दिला. त्यामुळे ड्राफ्टमध्ये सरळ लिहिते, 'ह्यावर अजून निर्णय झालेला नाही'.

शंकेखोर
म्हणजे तुम्ही तो शब्दच टाकून दिलात! तुरळक सरी, बघा तुमच्या प्रवाहाने काय वाहून नेलं.

तुरळक सरी
नेऊ दे. अशील वाचलं ना?