कोब्यावर लाकडी डेक: रिपा कोणत्या दिशेने टाकाव्यात?

पागोळी:
घरामागे सिमेंटचा कोबा आहे, १२ बाय १० फूट. कुठे खचलेला नाही, बारीक भेगा आहेत. भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत १० फुटांत अडीच इंच उतार. त्यावर सागाच्या इंचभर जाड फळ्यांचा डेक करायचाय. उंबरा कोब्यापासून साडेचार इंच वर आहे. सुतार म्हणतात, भिंतीला समांतर रिपा टाकू आणि बाहेरची बाजू उचलून डेक पाणसळीत, म्हणजे अगदी सपाट पातळीत आणू. बरोबर आहे का?

रंधा:
समांतर अजिबात नको! भिंतीला समांतर टाकलेली प्रत्येक रीप म्हणजे पाण्याला घातलेला बांध. दोन रिपांमध्ये पाणी तुंबतं, वरून फळ्यांची सावली, वारा नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि तुम्हाला दिसतं तेव्हा रीप खालून गेलेली असते.

रिपा उताराच्या दिशेने टाका, भिंतीकडून बाहेर, १६-१६ इंचांवर. फळ्या त्यांच्यावर आडव्या. रीप थेट कोब्यावर टेकवू नका, खाली दीड-दीड फुटावर जाड रबराचे तुकडे द्या. लाकडाची पाचर तर नकोच, ती सगळ्यात आधी कुजते. रिपा एकमेकींना जोडायला मधले आडवे तुकडे लागतील. ते रिपेपेक्षा कमी उंचीचे घ्या आणि वरच्या कडेशी जुळवा, म्हणजे खालून पाणी जाईल.

पाणसळीचा आग्रह सोडा. एवढा उतार पायाला कळतही नाही, आणि फळ्यांवरचं पाणीही वाहून जातं.

पागोळी:
मग उंची पुरेल? आणि रिपा कोब्यात ठोकायच्या ना?

रंधा:
दोन इंची रीप, पाव इंच रबर, एक इंच फळी: सव्वातीन इंच. उंबऱ्याखाली सव्वा इंच उरतो, ठीक आहे. ठोकायची गरज नाही. एवढा सांगाडा स्वतःच्या वजनावर बसतो, आणि कोब्याला नवी भोकं पडत नाहीत.

फळ्यांत ५ मिलिमीटर फट, भिंतीपाशी अर्धा इंच. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, समुद्राजवळ असाल तर ३१६ ग्रेडचे (खाऱ्या हवेत कमी गंजणारे). कापलेल्या प्रत्येक टोकाला मेणाचं सीलर लावा. लाकूड टोकातून सर्वांत जास्त पाणी पितं. हे काम सुतार घाईत सोडून देतात, तुम्ही शेजारी उभे राहून करून घ्या.

निवांत:
एक भर. भिंतीलगतच्या दोन-तीन फळ्या सुट्या, उचलता येतील अशा ठेवा. वाळवी भेगांतून आणि भिंतीच्या सांध्यातून वर येते. मातीच्या नळ्या दिसल्या तर वेळेत कळेल, पालापाचोळाही काढता येईल.

रंधा:
हे फार महत्त्वाचं. आणि रिपा आणण्याआधी कोब्यावर बादलीभर पाणी ओता. कुठे साचतं ते खडूने आखा, ते खड्डे पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरून घ्या. नंतर तिथे हात पोचणार नाही.

पागोळी:
ओतलं. डाव्या कोपऱ्यात ताटाएवढं डबकं राहिलं. आधी तेच भरतो, मग सुतारांना बोलावतो.