विझर्ड्रीचा नकाशा जुळतच नाहीये

मंडळी, १९८१ ची पहिली विझर्ड्री (भुयारात फिरायचा कॉम्प्युटर गेम) खेळतोय, ग्राफ पेपरवर भुयाराचा नकाशा काढतोय पण रस्ता कागदाच्या बाहेरच चाललाय, काय चुकतंय?

— चुकत नाहीये रे, प्रत्येक मजला २० बाय २० चौकोनांचा, कड ओलांडली की समोरच्या कडेने परत आत येतोस. पेन्सिलनेच काढ.

— आणि गरगर फिरवणारे चौकोन पण आहेत, दिशा बदलते नि कळतही नाही, म्हणून शंका आली की डुमापिक मंत्र टाकायचा, जिन्यापासून किती पूर्वेला, किती उत्तरेला आहेस ते सांगतो. मी तर दर दहा पावलांनी टाकायचो.

— झॉर्क या नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या जुन्या गेमच्या भूलभुलैयात सगळ्या खोल्यांचं वर्णन सारखंच, तिथे मी एकेक वस्तू टाकून खुणा केल्या. त्या नकाशाची वही अजून जपून ठेवलीय.