जिराचा डेटा एक्सेलमध्ये आणताना स्प्रिंटचे कॉलम कसे सांभाळायचे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. दर महिन्याला जिरातून (टीमच्या कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) सीएसव्ही फाइल काढून एक्सेलमध्ये क्लायंटसाठी रिपोर्ट बनवते. टाइम स्पेंट (कामाला लागलेला वेळ) सेकंदांत येतो, तो 3600 ने भागून तास काढते. इथवर ठीक. अडतंय ते स्प्रिंटपाशी (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा). एखादं काम तीन स्प्रिंट लांबलं की 'स्प्रिंट' नावाचेच तीन कॉलम येतात, आणि पुढच्या महिन्यात कॉलम कमीजास्त झाले की सगळं पिव्होट टेबल (एक्सेलमधला सारांश तक्ता) कोलमडतं. पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलं डेटा नीट मांडायचं साधन) अनपिव्होट केलं, म्हणजे त्या कॉलमच्या ओळी केल्या, तर एकाच कामाचे तास तीनदा मोजले जातात. काम कुठून कुठे ढकललं गेलं हे दाखवायचंच आहे, त्यामुळे फक्त शेवटचा स्प्रिंट ठेवून भागणार नाही. तास वेगळ्या टेबलात ठेवून इश्यू कीवर (प्रत्येक कामाचा जिरातला क्रमांक) जोडावेत का? कुणी केलं असेल तर प्लीज पायऱ्या सांगा. मॅक्रो शक्यतो नको, फाइल ऑफिसात सगळेच उघडतात.