फुकेतच्या फ्रोमथेप टोकावर गेला असाल, तर अनुभव सांगा

गलबत
काल शोकेस पुसताना कोपऱ्यात पडलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा एक लाकडी हत्ती हाती लागला आणि नऊ वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. फुकेत बेटाच्या अगदी दक्षिणेकडील फ्रोमथेप टोकावर आम्ही सूर्यास्त पाहायला गेलो होतो. सोबत सासूबाई होत्या. गाडीतळावरून पायऱ्या चढून वर आलो, तर समुद्राआधी चतुर्मुख ब्रह्मदेवच दिसले आणि त्यांच्याभोवती लहानमोठ्या हत्तींची दाटी. सासूबाई थबकल्या. "ब्रह्मदेवाची पूजा करत नाहीत ना आपल्यात?" असे त्यांनी मला विचारले, जणू मी उपाध्यायच होतो. पुष्कर सोडून दुसरे नाव मलाही चटकन सुचेना. शेवटी त्यांनी झेंडूची माळ वाहिली आणि प्रदक्षिणा घालत चारही मुखांना हात जोडले; विकत घेतलेला हत्ती मात्र पर्समध्येच राहिला, कारण तेवढ्यात "सूर्य चालला, सूर्य चालला" असे ओरडत मुलांनी त्यांना कठड्याकडे ओढत नेले. हा तोच हत्ती. आपल्यापैकी आणखी कोण तेथे गेले आहे?

आषाढी
मी जुलैमध्ये गेले होते, त्यामुळे सूर्यास्ताबद्दल मला एक अक्षरही लिहिता येणार नाही. आपल्याकडे येतो तोच नैर्ऋत्य मोसमी वारा त्या किनाऱ्यावरही साधारण मे ते ऑक्टोबर आदळत असतो, हे तिकीट काढल्यावर कळले. स्वस्त तिकिटाचे कारणही तेव्हाच कळले. वर जेमतेम दहा माणसे होती. समोरची बेटे एकदा दिसत, एकदा पुसली जात. छत्री उलटी होऊ लागल्यावर मी समुद्राचा नाद सोडला आणि हत्ती पाहत बसले. एकाच्या सोंडेच्या वळणात पाणी साचले होते आणि त्यात झेंडूची एकच पाकळी गोल गोल फिरत होती. त्या सहलीतले मला एवढेच स्पष्ट आठवते, आणि माझी तक्रार नाही.

तळटीप
गलबत, सासूबाईंना माझ्या वतीने सांगा की त्यांनी काहीही चुकीचे केले नाही. थाई भाषेत 'फ्रोम' म्हणजे ब्रह्म आणि 'थेप' म्हणजे देव. त्या टोकाचे नावच ब्रह्मदेव आहे. थायलंडमध्ये बौद्ध लोकही ब्रह्मदेवाला मनापासून भजतात. बँकॉकचे एरावान देवस्थान १९५६ सालचे आहे आणि तेथेही लाकडी हत्ती वाहिलेले दिसतात. हे हत्ती बहुधा शोभेचे नसून नवसाचे असतात. इच्छा पूर्ण झाली की बोललेली वस्तू आणून वाहायची, या प्रथेला तिकडे 'के बोन' म्हणतात. आपल्या भाषेत नवस फेडणे. तेव्हा नवस बोललाच नसेल, तर तुमच्याकडे देवाचे काही येणे नाही.

जाता जाता, तेथील दीपगृहाचे नाव कोणी वाचले का? राजे भूमिबोल यांच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली म्हणून १९९६ मध्ये ते उभारले गेले आणि त्याला 'कांचनाभिषेक' म्हणतात. थाई उच्चारात 'कांचनाफिसेक' होते, पण जरा कान दिला की आपलाच शब्द ऐकू येतो.

चालताबोलता
आम्ही काटकसर करायला गेलो. फुकेत शहरातून रवाईपर्यंत निळ्या सामायिक गाडीने आलो. मागे समोरासमोर दोन बाकडी असतात, म्हणून तिला सोंगथेव, म्हणजे 'दोन ओळी', म्हणतात. तेथून चढ चढून वर पोहोचलो, सूर्यास्त उत्तम झाला आणि खाली आल्यावर लक्षात आले की त्या गाड्या दिवसाच चालतात. एका टॅक्सीवाल्याने आमचे चेहरे पाहूनच भाडे ठरवले असावे. परतीची सोय आधी ठरवल्याशिवाय सूर्यास्ताला थांबू नये. प्रवेशाला एक बाथही पडत नाही, परतीला पडतात.

सावकाश
बहुतेक जण कठड्यावरूनच छायाचित्रे काढून परततात. तेथून खाली, ताडाच्या झाडांमधून थेट टोकाच्या खडकांपर्यंत पायवाट जाते. गवताळ उतार आहे, माती निसटते, चपला घालून जाण्याचा हट्ट मी केला आणि दोनदा बसले. मात्र शेवटच्या खडकावर तिन्ही बाजूंना पाणी होते आणि वरच्या गर्दीचा आवाज अजिबात पोहोचत नव्हता. एवढे दक्षिणेला, जेमतेम आठ अंशांवर, सूर्य सरळ खाली उतरतो आणि आपल्याला सवय असते त्यापेक्षा लवकर अंधार पडतो. विजेरी न्यायला हवी होती.

आषाढी
सावकाश, आईला गुडघ्यांचा त्रास आहे. देवस्थानापर्यंत तिला जमेल का?

सावकाश
गाडीतळापासून थोड्याच पायऱ्या आहेत, दम खात खात नक्की जमेल. खालच्या पायवाटेचे नावही तिच्यापुढे काढू नका, माझी आई हट्टाला पेटली होती.

गलबत
तळटीप यांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बोलले होते मी." काय बोलल्या होत्या आणि ते पूर्ण झाले का, हे सांगायला त्या तयार नाहीत, मात्र हत्ती परत शोकेसमध्ये ठेवू दिला नाही, तो सध्या देवघरात आहे. येत्या हिवाळ्यात कोणी फुकेतला जाणार असेल, तर कृपया कळवावे. वजन अगदी नगण्य आहे.