कार्ब्युरेटर गाडीवरून न उतरवता साफ करता येतो का?

कोलशेतकर

नमस्कार. माझ्याकडे वडिलांची २००९ सालची स्प्लेंडर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये लावलेली ही गाडी मी थेट दसऱ्याच्या पूजेसाठी धुवायला बाहेर काढली. चोक देऊन चौथ्या-पाचव्या किकला ती सुरू होते, पण चोक बंद केला की बंद पडते. रेस धरून ठेवली तर चालते. परवा धीर करून घोडबंदर रस्त्याने निघालो, तर गायमुखच्या चढावर ती गचके देऊ लागली आणि मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. प्लग नवा घातला आहे, एअर फिल्टरही बदलला आहे. जवळच्या गॅरेजात सांगितले की, काब्रेटर पूर्ण उतरवून आतले सगळे किट बदलावे लागेल. आमच्याकडे जागा म्हणजे पार्किंगमधले सहा फूट, आणि हत्यारे म्हणजे गाडीबरोबर मिळालेली पिशवी. एवढ्यावर, गाडीवर असतानाच काही करता येईल का?

ऐरोलीकर

आपण सांगितलेली लक्षणे दोन आहेत आणि ती वेगवेगळी तपासावीत. चोकशिवाय आयडलिंग टिकत नाही, याचा अर्थ मंद गतीला कार्ब्युरेटर पुरवतो ते पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ झाले आहे, त्यात पेट्रोल कमी पडते; म्हणजे स्लो जेट (मंद गतीचे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची पितळी नळी) तुंबला असावा किंवा इंजिनाच्या बाजूच्या जोडातून हवा आत जात असावी. चढावर, रेस अधिक असताना येणारे गचके मात्र बहुधा कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत साचलेल्या पाण्याचे असतात. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात चार महिने उभ्या असलेल्या टाकीला ओलाव्याची वाण नसते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते.

म्हणून आधी काहीही न उघडता वाटी रिकामी करावी. इंजिन थंड असू द्यावे, गाडी डबल स्टँडवर आणि मीटर रूमपासून लांब घ्यावी, पेट्रोल कॉक बंद करावा. वाटीच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या नळीचे टोक स्वच्छ काचेच्या बरणीत सोडून स्क्रू एक-दोन फेरे सैल करावा. बरणी उजेडात धरली की पेट्रोलखाली पाण्याचे मणी स्पष्ट दिसतात आणि बरणी हलवली की तळावर घरंगळतात. मग कॉकची नळी काढून टाकीतले थोडे पेट्रोलही तसेच तपासावे, कारण टाकीतच पाणी असेल तर वाटी रोज रिकामी करूनही उपयोग नाही. काढलेले पेट्रोल कृपया गटारात ओतू नये.

नौपाड्याचा एक वाचक

वरील सल्ला योग्य आहे, पण पाणी काढल्याने स्लो जेट मोकळा होणार नाही. त्यासाठी वाटी उघडावीच लागते, आणि येथे गाडीगाडीत फरक पडतो. कार्ब्युरेटर रबरी मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत) क्लिपने बसवलेला असेल, तर दोन्ही बाजूंच्या क्लिपा सैल करून तो जागच्या जागी आडवा फिरवता येतो. आपल्या गाडीत तो दोन बोल्टांनी जखडलेला असल्यामुळे फिरत नाही. मी दहाच्या पान्याने ते दोन बोल्ट काढतो, एअर फिल्टरकडची क्लिप सैल करतो आणि केबल तशीच ठेवून कार्ब्युरेटर बाजूला ओढून घेतो. याला ‘गाडीवरच’ म्हणावे की ‘उतरवून’, हे आपण ठरवावे; माझा अर्धा तास वाचतो, एवढे खरे. परत बसवताना जोडातली ओ-रिंग (रबरी कडी) चपटी झालेली दिसली, तर ती बदलावी. हवा तेथूनच आत शिरते.

वाटीचे स्क्रू मऊ धातूचे आणि जपानी मापाच्या फुलीचे असतात. साधा स्टार स्क्रूड्रायव्हर त्यांत घसरतो आणि खाच बोथट होते. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आधी दाबावे, मग फिरवावे. वाटीत पांढरी भुकटी दिसली, तर ते पाण्याने खाल्लेले धातूचे अंग समजावे.

स्लो जेटवर ३५ किंवा ३८ असा आकडा असतो. केहिन या कार्ब्युरेटर कंपनीच्या जेटवर तो साधारणपणे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो, म्हणजे हे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. त्यात टाचणी किंवा पोलादी तार घातली की पितळ झिजते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक धागा चालतो. जेट डोळ्यांसमोर धरून पलीकडचा उजेड गोल दिसला की काम झाले.

मिक्श्चर स्क्रू (मंद गतीचे मिश्रण कमी-जास्त करणारा) काढणार असाल, तर आधी तो हलक्या हाताने पूर्ण आत न्यावा आणि फेरे मोजून लिहून ठेवावेत. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर बाहेर काढल्यावर मिश्रण पातळ होते. इंजिनाच्या बाजूला असेल, तर उलट. अनेक जण येथेच गोंधळतात.

कोलशेतकर

दोघांचेही आभार. बरणीत चमचाभर पाणी निघाले. टाकीतही थोडे होते, म्हणून ती रिकामी करून ताजे पेट्रोल भरले. स्लो जेटमधून उजेड अजिबात दिसत नव्हता. तांब्याच्या धाग्याने मोकळा केल्यावर दिसू लागला. चोकशिवाय आयडलिंग टिकते आहे. मात्र आता कॉक उघडला की ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब थेंब पेट्रोल पडते.

नौपाड्याचा एक वाचक

फ्लोटच्या सुईखाली (वाटी भरली की तरंगत्या फ्लोटमुळे पेट्रोल बंद करणाऱ्या सुईखाली) कण अडकला असावा. ड्रेन उघडा ठेवून काही सेकंद कॉक चालू करावा, म्हणजे वाहत्या पेट्रोलबरोबर कण निघून जातो. नाही गेला, तर वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करावे. तरीही गळत असेल, तर सुईच्या टोकावर गोल चर पडला आहे का ते पाहावे. पडला असेल तर सुई बदलावी, सगळे किट नव्हे. तोवर गाडी उभी करताना कॉक बंद ठेवावा, आणि इंजिन ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नये.