प्रति: फाटलेला पॉवर काइट शिंप्याकडे द्यावा का?
पॉवर काइट (माणसाला ओढण्याइतका जोर असलेला मोठा, कापडी पतंग) फाटला, चीर पडली की थेट शिंप्याकडे न्या, हे वर एका उत्तरात सुचवलंय ते पटत नाही. काइटच्या रिपस्टॉप नायलॉनमध्ये (चीर पसरू नये म्हणून जाड धाग्यांची चौकट विणलेलं पातळ कापड) दाट टाके घातले की सुईच्या भोकांच्या रेघेवरच कापड पुन्हा फाटतं. बोटभर चिरेला दोन्ही बाजूंनी चिकट रिपस्टॉप टेप पुरते. कापड आधी स्पिरिटने पुसा, टेपचे कोपरे गोल कापा, म्हणजे ते उचलले जात नाहीत. चीर शिवणीपर्यंत पोचली असेल तरच वरून पॉलिएस्टर दोऱ्याने झिगझॅग शिलाई. सुती दोरा नकोच.

काइट ज्यांनी उडवतो त्या दोऱ्यांचा विषय मात्र कुणीच काढला नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर (पवनचक्क्यांपासून लांबच उडवा, कृपा करून) जांभा दगड इतका खरखरीत आहे की डायनीमाच्या (एक अतिशय मजबूत कृत्रिम धागा) दोऱ्या घासून फुलतात. तुटलेली दोरी साध्या गाठीने जोडू नका. डायनीमा गुळगुळीत, गाठ सरकते आणि दोरीची ताकदही बरीच घटते. ती दोरी बदलाच. नवी दोरी जोडीतल्या जुन्या दोरीबरोबर एकाच खिळ्याला अडकवून, ताणून लांबी जुळवा. जुनी वापरून थोडी ताणलेली असते. काही सेंटिमीटरच्या फरकानेही काइट एका अंगाला ओढतो, आणि दोष उगाच कापडात शोधला जातो.